घरी कोण असतं?

ऑपरेशनची तारीख देण्याआधी सर्जननी माझ्या पोटाबद्दल विचारलं त्यापेक्षा घराबद्दल जास्त विचारलं. घर कितव्या मजल्यावर? जिना उभा आहे का? कमोड आहे का? हॉस्पिटलपासून गाडीनं किती वेळ लागतो? रात्री-अपरात्री गाडी आणि ती चालवणारा माणूस, दोन्ही घरात असतात का? आणि मग, "घरी कोण असतं?"

"मीच असते," मी म्हणाले.

हे शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनीही मान डोलावली. सर्जननी पेन खाली ठेवलं. "तुम्ही पेशंट आहात. तुम्हाला सोडून कोण असतं?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तशी घरात माणसं कमी नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सासऱ्यांनी बांधलेलं दुमजली घर, त्यात सासूबाई, हे, बारावीतली लेक, वर दीर-जाऊ. पण कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, की रात्री उठणार मी. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून हे खातं लग्नापासून माझ्याकडेच आहे. आता खातं सांभाळणारी बाईच पेशंट म्हटल्यावर ती जागा रिकामी. मला त्याच दिवशी घरी सोडायचं की नाही, हे त्या जागेवर कोण बसतं यावर ठरणार होतं.

मला हायटस हर्निया होता. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलात अन्ननलिका खाली उतरायला एक छिद्र असतं. ते सैल पडलं की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट मिटत नाही. जठरातलं आम्ल मग वर येतं. आमच्या कोल्हापुरात याला आजार म्हणण्याची पद्धतच नाही. पित्त म्हणतात, आणि त्यावर प्रत्येकाकडे औषध असतं. थंड दूध घे, जिरं चाव, मिसळ बंद कर. मिसळ मी केव्हाच बंद केली होती. सर्जननी एक बरं केलं, पहिल्याच भेटीत यांच्यासमोर सांगून टाकलं की मिरचीनं हर्निया होत नाही, जळजळ फार तर वाढते. इतकी वर्षं घरात "तुझंच तिखट तुला बाधतंय" हे ऐकलं होतं.

आडवी झाले की आंबट पाणी घशाशी यायचं, खोकला सुटायचा, सकाळी आवाज बसलेला. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून झाल्या. रोज सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल. गोळीनं जळजळ कमी झाली, पण पाणी वर यायचं थांबेना. कारण साधं आहे: गोळी जठरातलं आम्ल कमी करते, बिघडलेली झडप काही मिटवत नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिका खालच्या बाजूला सोललेली दिसली. मग पुण्याला जाऊन दोन तपासण्या केल्या. एकीत नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेचा जोर मोजतात, तिला मॅनोमेट्री म्हणतात. दुसरीत तशीच नळी चोवीस तास ठेवून आम्ल किती वेळा वर येतं ते मोजतात. नळीसकट एस.टी. स्टँडवर चहा प्यायला गेले तर लोक वाट सोडून उभे राहत होते. पण मॅनोमेट्री टाळू नये. अन्ननलिकेचा जोरच गेलेला असेल किंवा खालचं तोंड उघडतच नसेल, तर हे ऑपरेशन उलटतं, अन्न खालीच उतरत नाही.

ऑपरेशनचं नाव फंडोप्लिकेशन. जठर खाली ओढून घेतात, श्वासपटलातलं छिद्र टाके घालून आवळतात आणि जठराचा वरचा सैल भाग अन्ननलिकेच्या मागून फिरवून शिवतात, म्हणजे झडपेला आधार मिळतो. रुडॉल्फ निसन यांनी १९५६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, त्यात जठर पूर्ण गोल गुंडाळतात. माझ्या अन्ननलिकेचा जोर थोडा कमी होता म्हणून पाऊण वेढा घ्यायचं ठरलं, त्याला टुपे पद्धत म्हणतात. पाऊण वेढ्यात पुढं गिळायला त्रास कमी होतो.

घरी हे सगळं मी सांगितलं, शेवटी म्हणाले, पाच बारीक भोकांतून दुर्बिणीनं करतील आणि त्याच दिवशी घरी सोडतील. सासूबाईंनी फक्त हे शेवटचं वाक्य ऐकलं. "आगं, सकाळी पोटाला पाच भोकं पाडायची आन् सांजच्याला घरी? ही काय दाढ काढायची हाय व्हय?"

त्यांचं चुकत नव्हतं. सासऱ्यांचं अल्सरचं ऑपरेशन त्यांनी निभावलं होतं. तेव्हा अल्सर म्हणजे पोट उघडणं, बेंबीपासून वर छातीपर्यंत टाके, नाकात नळी, बाजूला पिशवी, आणि बायकोनं वॉर्डात पलंगाखाली चटई टाकून झोपायचं. अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूचा शोध आणि आम्ल कमी करणाऱ्या नव्या गोळ्या १९८०च्या दशकात आल्या आणि ती ऑपरेशनं जवळजवळ बंदच झाली. पण पोटाचं ऑपरेशन म्हणजे काय, याचं सासूबाईंच्या मनातलं चित्र तेच राहिलं. पोटातलं काम तेवढंच मोठं असलं तरी भोक लहान झालं आहे, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला. निसननी जे पोट उघडून केलं ते दुर्बिणीतून केल्याचं बेल्जियममधल्या सर्जननी १९९१ साली प्रसिद्ध केलं. बरं व्हायला जो वेळ लागायचा तो बराचसा वरच्या जखमेपायी लागायचा.

त्याच दिवशी घरी पाठवणं ही काही आजची टूम नाही. ग्लासगोचे जेम्स निकोल यांनी १९०९ मध्येच लहान मुलांच्या जवळजवळ नऊ हजार ऑपरेशनांचा हिशेब मांडला होता. ऑपरेशन करायचं आणि मूल आईच्या कडेवर देऊन घरी पाठवायचं. मागोमाग नर्स घरी जायची. घर धड असावं लागतं, हे त्यांनीही बजावलं होतं. वाचताना मला वाटलं, शंभर वर्षांपूर्वीचा तो सर्जनसुद्धा आईच्या भरवशावरच होता. आईचं ऑपरेशन असेल तर काय करायचं, हे त्यात नव्हतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट आठवडाभर आधी होती. वजन, रक्तदाब, दात हलतात का, घोरता का. मग त्यांनी विचारलं, "घाटात गाडी लागते?"

माझं माहेर वैभववाडीकडचं. करूळ घाट उतरताना अजूनही पिशवी हातात घेऊन बसते. तसं सांगितलं तर त्यांनी कागदावर खूण केली आणि हिशेब समजावला. ऑपरेशननंतर मळमळ किंवा उलटी कुणाला होईल हे चार गोष्टींवरून बरंचसं कळतं: पेशंट बाई असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागणं किंवा पूर्वी भुलीनंतर उलटी झालेली असणं, आणि नंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणं. यातल्या तीन गोष्टी असल्या तर दहातल्या सहाजणांना मळमळ किंवा उलटी होते. मी तिनांत बसत होते. सिगारेट न ओढल्याचा तोटा आयुष्यात पहिल्यांदा कळला.

इतर ऑपरेशनांत उलटी म्हणजे नुसता त्रास. यात मात्र जोराची उबळ आली तर नुकतेच घातलेले टाके ताणतात, गुंडाळलेलं जठर पुन्हा वर सरकू शकतं. म्हणून त्यांनी वायूची भूल टाळून सगळी भूल शिरेतूनच द्यायचं ठरवलं, उलटीवरची दोन वेगवेगळी औषधं आधीच द्यायची, आणि भोकांच्या जागी सर्जननी बधिर करायचं औषध टोचायचं, म्हणजे अफूच्या जातीचं औषध कमीत कमी लागेल. संध्याकाळी घरी जायची तयारी ही अशी आठवडाभर आधी, एका घाटाच्या प्रश्नावरून सुरू झाली. घाई म्हणावं असं त्यात मला काही दिसलं नाही.

त्याच ओपीडीत गगनबावडा रस्त्यावरच्या एका गावची बाई होती, आजार माझाच. दिवस पावसाळ्याचे होते. तिला सर्जननी स्वच्छ सांगितलं, आत्ता करायचं तर इथं राहायचं, त्याच दिवशी घरी हवं असेल तर दिवाळीनंतर. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल. पण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पाणी चढलं की त्या बाजूचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. रात्री पोटात दुखायला लागलं आणि रस्त्यावर पाणी, तर पाच भोकांचं ऑपरेशन असो नाहीतर दहा टाक्यांचं, माणूस अडकतो. २०१९चा महापूर बघितलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. ती बाई "मग राहतो की हितंच, घरी गेलो तरी म्हशी बघायच्याच" म्हणाली, आणि मला वाटतं ओपीडीतलं त्या दिवसाचं सर्वांत शहाणं वाक्य तेच होतं.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण मला सर्वांत जास्त फोन त्याचेच आले. आमच्या नात्यातल्या एकांनी ठामपणे सांगितलं, "एक रात्र तरी काढ, चोवीस तास भरले नाहीत तर क्लेम बसत नाही." पॉलिसीत चोवीस तासांची अट असते हे खरं. पण त्याच पॉलिसीत डे-केअर उपचारांची व्याख्याही असते: भूल देऊन केलेला, पूर्वी ज्याला चोवीस तासांपेक्षा जास्त राहावं लागायचं पण आता तंत्र सुधारल्यामुळे त्याहून कमी वेळात होतो, असा उपचार. मी कर्जाचे कागद वाचणारी बाई, ती व्याख्या मी दोनदा वाचली आणि विमा कंपनीकडून आमच्या ऑपरेशनचं नाव घालून आधीच लेखी मंजुरी घेतली. तुम्हीही तोंडी भरवशावर राहू नका. दुसरी मेख डिस्चार्जच्या वेळेची. मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली परवानगी तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची शेवटची तीन तासांत द्यायची असते. संध्याकाळी सहाला कागद पाठवले तर हे तीन तास रात्री नऊला संपणार. म्हणून काउंटरवरच्या मुलीनं माझे कागद दुपारीच तयार करून ठेवले होते.

ऑपरेशनच्या दिवशी माझा नंबर पहिला होता, मुद्दाम. पहिला असला की संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवायला वेळ मिळतो. रात्री हलकं जेवण, मध्यरात्रीनंतर अन्न नाही, साधं पाणी मात्र भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चाललं. थिएटरचं काही सांगण्यासारखं नाही. वर गोल दिवे, कुणीतरी रंकाळ्यावरच्या भेळेबद्दल बोलत होतं, मग काही नाही.

जाग आली ती घशात खरखर घेऊन आणि उजवा खांदा ठणकत. पोटाच्या ऑपरेशनला खांदा का, म्हणून घाबरणारे बरेच असतात. आधी सांगितलेलं होतं म्हणून मी घाबरले नाही. पोटात जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरतात, तो आणि ताणलेलं श्वासपटल यांचा हा परिणाम. श्वासपटलाची नस मानेतून निघते, त्यामुळे मेंदूला दुखणं खांद्यातलं वाटतं. नाकात नळी नव्हती, पोटातून पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, नव्हता, लघवीची नळी नव्हती. सासऱ्यांच्या गोष्टी ऐकून मी हात फिरवून खात्री करून घेतली.

दुपारपासून एकेक परीक्षा. पाणी घोट-घोट, एका घोटानंतर थांबायचं. सिस्टर घड्याळ बघत होत्या. मग पलंगावर बसणं, उभं राहणं, पॅसेजमध्ये चालणं, एक मजला चढून उतरणं. लघवी झालीच पाहिजे, त्याशिवाय सोडत नाहीत. दुखणं सलाईनमधल्या औषधाशिवाय, तोंडानं घेतलेल्या औषधावर आटोक्यात राहिलं पाहिजे. उलटी नको. नाडी शंभरच्या आत. यातलं एक जरी बिनसलं तर पलंग राखून ठेवलेलाच होता, आणि राहावं लागलं तर त्याला कुणी अपयश म्हणणार नाही, हे सर्जननी सकाळीच सांगितलं होतं. त्या वाक्यानं माझं निम्मं दडपण गेलं. घरी जायचंच, असा हट्ट दोघांनीही धरू नये.

खरी परीक्षा मात्र यांची झाली. सिस्टरनी त्यांना समोर बसवलं. सासूबाई पुढं सरकल्या तर, "आजी, तुम्ही ऐका, पण उत्तरं दादा देणार." मग एकेक प्रश्न. ताप किती चढला तर फोन करायचा? नाडी किती झाली तर? थुंकीसुद्धा गिळता येईना तर? पोट दुखत दुखत वाढत चाललं तर? दम लागला, छातीत दुखलं, एका पायाची पोटरी सुजली तर? हे शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभं आयुष्य काढलेले. त्यांनी खिशातली डायरी काढून रेघा मारल्या आणि वेळ, नाडी, ताप, पाणी असे रकाने पाडले. सिस्टरनी नाडीवर विशेष भर दिला. आत कुठं गळती किंवा इजा असेल तर पोट कडक व्हायच्या आधी, ताप यायच्याही आधी नाडी पळायला लागते. कोविडमध्ये घेतलेलं बोटाचं यंत्र कपाटात पडून होतं, ते कामी आलं. वीस वर्षांत यांनी माझी नाडी पहिल्यांदा मोजली.

सांजेला शिवाजी पेठेत उतरले तेव्हा गल्ली दारात. आणि इथं जे होतं त्याची तयारी कुठलंच हॉस्पिटल करून देत नाही. हॉस्पिटलात भेटायच्या वेळा असतात, सिस्टर हाकलतात, पेशंटच्या अंगावर हिरवा गाऊन असतो. घरी मी माझ्याच साडीत, माझ्याच पलंगावर. मावशी आली आणि मला बघून म्हणाली, "हे काय, ऑपरेशन झालंय म्हणतीस आणि चांगली बसलीयस की!" घरी बसलेल्या बाईला आजारी मानायला आपल्याकडे कुणाचं मन तयार होत नाही. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातून हाक आली, "जिऱ्याचा डबा कुठाय?" डबा सांगायला काही जात नाही. पण डबा सांगितला की कुकरची शिटी मोजायची, मग कुकर उतरवायचा. नव्या टाक्यांना धोका असतो तो याच गोष्टींचा. काही आठवडे जड उचलायचं नाही, ओझं उचलताना पोटावर जोर येतो आणि श्वासपटलाला घातलेले टाके तिथंच ताणतात. भरलेली बादली, गहू, गॅसची टाकी, पाण्याची कळशी, सगळं यात आलं. यांनी मोरीच्या दारावर खडूनं लिहिलं, "बादली मी उचलणार." सासूबाई दोन दिवस ते वाचून हसत होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनीच लेकीला बादलीवरून झापलं.

पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला खांदा इतका ठणकला की मी उठून बसले. हे जागेच होते, किंवा झोपेतून उठून जागेच होतो म्हणाले. नाडी ८८, ताप नाही. तरी त्यांनी फोन लावला. तिकडून सिस्टरनी क्रमानं तेच विचारलं जे दुपारी विचारलं होतं, मला दोन घोट पाणी गिळायला लावलं, दीर्घ श्वास घ्यायला लावला. पोट मऊ आहे का ते दाबून बघायला सांगितलं. मग, "उशा लावून अर्धवट बसून झोपा, उद्यापर्यंत उतरेल." दुपारपर्यंत उतरलंही. तो फोन उचलला गेला नसता तर आम्ही त्या रात्री रिक्षा काढून हॉस्पिटलात गेलो असतो यात शंका नाही. त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या ठिकाणी जाणार असाल तर रात्रीचा नंबर आधी एकदा लावून बघा. कोण उचलतं आणि उचलणाऱ्याला तुमचं ऑपरेशन काय झालंय हे माहीत असतं का, ते तपासा.

खाण्याचं सांगायचं तर पहिले दिवस फक्त पातळ. भाताची गाळलेली पेज, मुगाचं कढण, ताक, नाचणीची आंबील. हळूहळू मऊ भात, दलिया, कुस्करलेला बटाटा. कोरडी चपाती, पाव, मटणाचा तुकडा हे सगळ्यात शेवटी, कारण सूज असताना पाव चावून लगदा झाला तरी गोळा होऊन अडकतो. सोडा, कोल्ड्रिंक पूर्ण बंद. झडप आवळल्यावर ढेकर सहज येत नाही, गॅस आत कोंडतो आणि पोट टम्म होतं. दिरांनी प्रेमानं गंगावेशीतून धारोष्ण दूध आणलं, ते सासूबाई प्यायल्या. जाऊबाईंनी पांढरा रस्सा गाळून दिला. तो आळणी पाण्यासारखा पातळ, बिनमिरचीचा, चमच्या-चमच्यानं घेतला आणि छान उतरला. तांबड्याबद्दल कुणी विचारायचं धाडस केलं नाही.

मधे एक आठवडा घास अडकल्यासारखा वाटायचा. छातीच्या मधोमध काहीतरी उभं राहायचं आणि मग सावकाश सरकायचं. हे होणारच, सूज उतरेपर्यंत चालायचंच, असं सांगितलेलं होतं. पाणी खाली उतरतंय, थुंकी उतरतेय, वजन एकदम ढासळत नाही, तोवर थांबायचं. तरी मन मानत नाही. मी रोज सकाळी एक घोट पाणी घेऊन थांबायचे आणि ते खाली गेलं की डोळे मिटून घ्यायचे.

आता मत विचारणारे पुष्कळ. घरी आलेलं चांगलं की राहिलेलं? माझ्यापुरतं चांगलंच झालं. स्वतःच्या अंथरुणात झोप लागते, वॉर्डातला जंतूंचा धोका टळतो, लवकर चालायला लागल्यानं पायात गुठळी व्हायची भीती कमी होते. पण हे सगळ्यांसाठी नाही, आणि हॉस्पिटलच्या सोयीसाठी तर मुळीच असू नये. हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकणं, छातीत बरंच जठर चढलेला मोठा हर्निया, एकटा राहणारा माणूस, लांबचा रस्ता, अशांना रात्र काढायला लावतात ते बरोबरच. जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनची तर गोष्टच वेगळी, तिथं संध्याकाळी घरी जायचा विषयच निघत नाही. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन मात्र अशा तऱ्हेनं सर्रास होतं.

आणि एक हिशेब बिलात दिसत नाही. वॉर्डातली एक रात्र वाचली असं आपण म्हणतो, पण ती रात्र कुणीतरी घरी जागून काढलेली असते. आमच्याकडे ती यांनी काढली, कारखान्यावर खाडा करून. लेकीनं प्रॅक्टिकलचा अभ्यास माझ्या उशाशी बसून केला. दुसऱ्या एखाद्या घरात ती रात्र सुनेच्या नाहीतर लेकीच्या वाट्याला सरळ टाकली जाईल आणि त्याला कुणी काम म्हणणार नाही. सिस्टरनी उत्तरं यांच्याकडून वदवून घेतली नसती तर आमच्याकडेही डायरी माझ्याच हातात आली असती, नाडी माझी मीच मोजली असती. मला स्वतःची खात्री आहे.

टाके बघायला गेलो तेव्हा सिस्टरनी यांना विचारलं, काही अडचण आली का. ह्यांनी डायरी उघडली. पहिल्या रात्री गोळ्या चालणार नव्हत्या, पातळ औषध हवं होतं, आणि चिठ्ठी हातात पडली तेव्हा घरी निघायची वेळ झाली होती. मोठ्यांच्या मापाचं वेदनाशामक सिरप पहिल्या तीन दुकानांत नव्हतं. शेवटी लहान मुलांचं घेऊन डॉक्टरांना फोनवर माप विचारून दिलं. "औषधं सकाळीच हातात द्या, पेशंट थिएटरमध्ये असताना आणून ठेवता येतात," हे म्हणाले. सिस्टरनी ते लिहून घेतलं, आणि तोंडात विरघळणाऱ्या उलटीच्या गोळीचंही लिहू का, म्हणून विचारलं. "लिहा," हे म्हणाले, "ती तर पाचव्या दुकानात मिळाली."